कौटुंबिक सर्वेक्षण फक्त वस्तीतच का?

मागच्या उन्हाळ्यात आम्ही मराठवाड्यातल्या एका शहराच्या कडेच्या वस्तीत सर्वेक्षणाचे फॉर्म भरत होतो. काम एका संस्थेचे होते. विषय ‘वंचित कुटुंबांतील बदलती नाती’ असा काहीतरी गोड होता. फॉर्म चौदा पानांचा. एका घराला पाऊण तास लागायचा आणि पैसे फॉर्ममागे मिळायचे, त्यामुळे आम्हीही घाईतच असायचो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एका मावशींच्या दारात बसलो. त्या धुणीभांडी करून नुकत्याच परतल्या होत्या. त्यांनी पाणी दिले, पंखा आमच्याकडे वळवला आणि उत्तरे द्यायला लागल्या. घरात माणसे किती, कमावती किती, नवरा काय करायचा, दारू प्यायचा का, किती प्यायचा, मारायचा का, मुलगी कितव्या वर्षी दिली, मुलाने शाळा का सोडली. नवव्या पानावर त्या थांबल्या. नाल्याच्या पलीकडच्या सात मजली इमारतीकडे हात करून म्हणाल्या, “बाळा, मी तिथं पाच घरची भांडी घासते. तिथला साहेब बी पितो, बायकूला बी मारतो. हे समदं तिथं बी इचारता का?”

आम्ही म्हणालो, “नाही मावशी, अभ्यास या वस्तीचाच आहे.”

“मंग त्येंचा अभ्यास कोन करतंय?”

आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले आहे. ‘कुटुंब आणि नातेसंबंध’ या विषयाचा अख्खा पेपर लिहिला, चांगले गुणही मिळाले. तरी मावशींच्या या प्रश्नाला उत्तर सुचले नाही. हसलो आणि पान उलटले. हा लेख म्हणजे तेव्हा द्यायला हवे होते ते उत्तर.

आधी त्या नवव्या पानावर काय होते ते सांगू. प्रश्न होता, मुलाने शाळा का सोडली? खाली पाच पर्याय. एक, आर्थिक अडचण. दोन, पालकांची उदासीनता. तीन, मुलाला शिक्षणात गोडी नसणे. चार, स्थलांतर. पाच, इतर. मावशींनी सांगितलेली हकिकत अशी: मुलगा सातवीत होता. वर्गात शिष्यवृत्तीच्या फॉर्मचा विषय निघाला की गुरुजी यांच्याच पोरांकडे बघून म्हणायचे, “तुमचं बरंय बाबा, तुम्हाला फुकटचं मिळतं.” पोरगा दोनदा उलटून बोलला. तिसऱ्यांदा मार खाल्ला. चौथ्यांदा गेलाच नाही. आता हे पाचांपैकी कुठे बसते? आम्ही ‘इतर’वर खूण केली. त्यापुढे तपशील लिहायला बोटभर जागा होती, तिथे ‘शिक्षकांचे वर्तन’ एवढे दोन शब्द मावले. पुढे संगणकावर माहिती भरताना तेही गेले, फक्त आकडा उरला, 5. अहवालात तो आकडा गोल आलेखातली एक करडी फाक होऊन बसणार, आणि शेजारी ‘पालकांची उदासीनता’ जाडजूड रंगात दिसणार. कारण ज्या घरात आई कामावर गेलेली असते तिथे अर्धवट उत्तर मिळाले की सर्वेक्षक दोनवर खूण करून पुढे सरकतो. आम्ही स्वतः हे केले आहे. कबूल करायला लाज वाटते, पण केले आहे.

मित्रमैत्रिणींनो, जात अशी नाहीशी होते. ती ‘इतर’मध्ये जाते. कुणी खोटे बोलत नाही, कुणी आकडे बदलत नाही, फक्त प्रश्नपत्रिका लिहिणाऱ्याच्या डोक्यात तो पर्याय नसतो. त्याला शाळेत कधी कुणी तसे बोललेलेच नसते.

आता मूळ मुद्दा. भारतात जात टिकते ती कुठे? कचेरीत, मंदिरात, पाणवठ्यावर ती दिसते. पण तयार होते ती घरात, लग्न ठरवताना. हे आम्ही सांगत नाही. 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला. जातीचे लक्षण कुणी सोवळ्यात शोधत होते, कुणी वंशात, कुणी धंद्यात. बाबासाहेबांनी ते सगळे बाजूला सारून एका गोष्टीवर बोट ठेवले, जातीतल्या जातीत लग्न. आणि तिथेच थांबले नाहीत. जातीबाहेर लग्न बंद करायचे तर गटात पुरुष आणि स्त्रियांची संख्या जोडीजोडीने सारखी राहिली पाहिजे. नवरा आधी मेला तर बाई ‘जादा’ ठरते, बायको आधी मेली तर पुरुष ‘जादा’. मग या जादा बाईचे करायचे काय? सती, सक्तीचे वैधव्य. जादा पुरुषाचे काय? त्याला अजून वयात न आलेली मुलगी द्या. सती, केशवपन, बालविवाह या सुट्या दुष्ट रूढी नाहीत, जातीची भिंत शाबूत ठेवण्याची ती साधने आहेत. आणि ही पद्धत सर्वांत वरच्या वर्गाने स्वतःभोवती आधी उभी केली, बाकीच्यांनी तिचे अनुकरण केले.

या निबंधात एकाही दलित कुटुंबाच्या दारूची चौकशी नाही, हे बघा. अस्पृश्य घरात जन्मलेला विद्यार्थी अमेरिकेत उभा राहून तपासतो ते ब्राह्मणाचे घर. मावशींचा प्रश्न त्याने शंभर वर्षांपूर्वी विचारून ठेवला होता.

नंतर आपल्याकडच्या कुटुंबाच्या समाजशास्त्राने काय केले? स्वातंत्र्यानंतरची काही दशके ते एका वादात गुंतले, एकत्र कुटुंब मोडते आहे की नाही? आय. पी. देसाईंचा महुवा गावाचा अभ्यास, ए. एम. शहा यांचे घर आणि कुटुंब यांतला फरक दाखवणारे काम, ही सगळी परीक्षेला आम्ही पाठ केलेली नावे. कामे मेहनतीची आहेत, नाकारत नाही. इरावती कर्वे यांचे भारतातील नातेव्यवस्थेवरचे पुस्तक 1953 साली आले. कुठल्या प्रदेशात मामेबहिणीशी लग्न चालते, कुठे गोत्र टाळतात, याचा केवढा तरी मोठा नकाशा त्यात आहे. पण नियमांचा नकाशा काढणे वेगळे आणि नियम मोडणाऱ्या पोरीचे काय होते हे विचारणे वेगळे. दुसरा प्रश्न या शाखेच्या मध्यभागी कधी आलाच नाही. अभ्यासक्रमात ‘कुटुंब’ हे एक प्रकरण राहिले, ‘जात’ हे दुसरे, आणि दोघांमध्ये परीक्षेतले दहा गुणांचे अंतर. 1916 चा निबंध आमच्या वर्गात ‘आंबेडकरी विचार’ या ऐच्छिक पेपरात होता, कुटुंबाच्या पेपरात नव्हता. म्हणजे ज्याने घरातली जात उलगडून दाखवली त्यालाच घराच्या चर्चेतून बाहेर ठेवलेले. (ऐच्छिक पेपर कोण घेत होते, हे सांगायला नको. आम्ही नऊजण होतो आणि नऊही आपलेच.)

2002 साली गोपाळ गुरू यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये विचारले होते की भारतातील समाजविज्ञाने स्वतः किती समतावादी आहेत? सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि अनुभवाची माहिती पुरवणारे शूद्र अशी विभागणी ज्ञानाच्या क्षेत्रातही आहे, असा त्यांचा आरोप होता. त्यावर पुष्कळ चर्चा झाल्या. आम्ही फक्त एवढेच जोडतो की वस्तीत उन्हात फिरून फॉर्म भरणारी मुले कोणत्या आडनावांची असतात आणि अहवालावर नाव कुणाचे असते, हे एकदा आपापल्या संस्थेत मोजून बघा.

हा आजार फक्त आपल्या देशाचा नाही. 1965 साली अमेरिकेच्या कामगार खात्यातले अधिकारी डॅनियल मॉयनिहान यांनी कृष्णवर्णीय कुटुंबावर एक सरकारी अहवाल लिहिला. गुलामगिरी आणि बेकारी यांचा उल्लेख त्यात नाही असे नाही. पण भर कशावर होता, तर कृष्णवर्णीय कुटुंब मोडकळीला आले आहे, बाई घर चालवते, बाप गायब आहे आणि आता या कुटुंबाची ही विस्कटच त्यांच्या मागे राहण्याच्या मुळाशी आहे. वाचणाऱ्यांना हवे तेवढेच लक्षात राहिले, यांचे घरच बिघडलेले, आम्ही काय करणार! 1971 साली विल्यम रायन यांनी या विचारपद्धतीला नाव दिले, बळीलाच दोषी ठरवणे. आणि 1974 साली कॅरल स्टॅक या अभ्यासिकेने एका गरीब कृष्णवर्णीय वस्तीत प्रत्यक्ष राहून दाखवले की ज्याला बाहेरचे लोक ‘मोडके कुटुंब’ म्हणतात तिथे मावश्या, शेजारणी, आज्या यांचे दाट जाळे असते. मुले, पैसा, कपडे, जेवण त्या जाळ्यातून फिरत असते आणि त्यावर माणसे तगतात.

ते वाचताना आम्हाला आमचा फॉर्म आठवला. त्यात कुटुंबाची व्याख्या होती, एका चुलीवर जेवणारी माणसे. जनगणनेतही साधारण तीच असते. मावशींच्या शेजारची मुलगी दोन वर्षे त्यांच्याकडेच जेवते, कारण तिची आई ऊसतोडीला जाते. सहा महिने इथे, सहा महिने तिथे. ती कुणाच्या चुलीची? आम्ही पर्यवेक्षकांना फोन केला. ते म्हणाले, “सोडून द्या, रक्ताचं नातं नाही ना.” सोडून दिले. कागदावर ती मुलगी आईविना एकटी दिसते आणि मावशी ‘विधवा, दोन सदस्य’ अशा दिसतात. वस्तीने जे उभे केले होते ते फॉर्ममध्ये आलेच नाही, जे मोडले होते तेवढे नीट मोजले गेले.

कुणी म्हणेल, फॉर्ममधल्या चुकांवर एवढे काय बोलायचे? कारण हीच नजर पुढे पोलीस ठाण्यात, वर्तमानपत्रात आणि न्यायालयात जाते. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका, मुलगे रोशन आणि सुधीर यांना गावाने ठेचून मारले. शेतातून रस्ता नेण्याचा वाद, पोलिसात दिलेली साक्ष, शिकणारी मुले, दबून न राहणारी बाई, ही सगळी पार्श्वभूमी होती. आणि सुरुवातीच्या दिवसांत चर्चा कसली चालली? सुरेखाबाईंच्या ‘चारित्र्या’ची, ‘अनैतिक संबंधां’ची. मारले गेलेल्या कुटुंबाची चौकशी सुरू झाली. मारणाऱ्यांची घरे कशी होती, त्या घरांत काय शिकवले जाते, त्या रात्री जे घडले ते बघणाऱ्या तिथल्या बायका दुसऱ्या दिवशी आपल्या मुलांशी काय बोलल्या असतील, हे कुणी विचारले नाही. खुनाच्या शिक्षा झाल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा न्यायालयात टिकला नाही. तिथेही जात ‘इतर’मध्येच गेली.

याची दुसरी बाजू आणखी बोलकी आहे. आपले कुटुंब म्हणजे ‘समस्या’, त्यांचे कुटुंब म्हणजे ‘गुणवत्ता’. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या खासगी कंपन्यांत नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. तो अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. हे अधिकारी म्हणत होते की आम्ही जात बघत नाही, फक्त गुणवत्ता बघतो. आणि त्याच दमात सांगत होते की उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ मात्र आवर्जून विचारतो. वडील काय करतात, घरात शिकलेले किती, कुठे वाढलात. चांगल्या घरातला माणूस चांगला कामगार होतो, अशी त्यांची श्रद्धा. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवून पाहिले. फरक फक्त नावाचा. दलित आडनावाच्या अर्जाला पुढची हाक येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या अर्जाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाची तर सुमारे एक-तृतीयांश. आडनाव म्हणजे दुसरे काय? कुटुंबाचाच शिक्का. मुलाखतीच्या टेबलावर ‘तुमच्या घरचं सांगा’ हा प्रश्न कानाला किती प्रेमळ लागतो बघा. आपल्या पोरापोरींना तो आला की घशाला कोरड पडते.

आता लग्नाकडे येऊ, कारण तिथेच सगळे आहे. 2011-12 च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात बेचाळीस हजारांवर कुटुंबे होती. विवाहित बायकांना विचारले, तुमच्या सासरची आणि माहेरची जात एकच आहे का? वेगळी आहे असे सांगणाऱ्या फक्त 5 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बाबासाहेबांच्या निबंधानंतर 95 वर्षांनी शंभरातली पंचाण्णव लग्ने जातीतच. त्याच सर्वेक्षणात चारपैकी एकाहून अधिक घरांनी आपण कुठल्या ना कुठल्या रूपात अस्पृश्यता पाळतो असे सर्वेक्षकाच्या तोंडावर कबूल केले. ज्यांनी कबूल केले नाही ते वेगळेच.

आपले पुरोगामी मित्र म्हणतात, शिक्षण वाढू द्या, शहरे वाढू द्या, जात आपोआप जाईल. याच माहितीवर त्रिदीप रे, अर्क रॉय चौधुरी आणि कोमल सहाय यांनी काम केले आहे. त्यांना दिसले की नवरा-नवरीच्या स्वतःच्या शिक्षणाने आंतरजातीय लग्नाच्या शक्यतेत फरक पडत नाही. इंजिनिअर झाला, परदेशात गेला, तरी लग्न जातीतच. फरक पडतो तो नवऱ्याच्या आईच्या शिक्षणाने. सासू शिकलेली असेल तर जातीबाहेरची सून घरात येण्याची शक्यता वाढते. हा निष्कर्ष वाचून आम्ही बराच वेळ बसून राहिलो. मुलगा कितीही शिकला तरी लग्न तो ठरवत नाही, घर ठरवते. आणि घरात ज्या बाईला शाळेत जाऊ दिले होते तिच्याकडून भिंतीला तडा जातो. सावित्रीबाईंनी 1848 साली मुलींची शाळा चालवली तेव्हा तिच्यावर शेण का फेकले गेले, हे कळायला यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा?

सरकारचे काय? एका हाताने आंतरजातीय लग्नाला अनुदान, दुसऱ्या हाताने चौकशी. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्र सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्न केलेल्या जोडप्यांची माहिती गोळा करणारी, मुलींच्या घरच्यांशी ‘समन्वय’ साधणारी समिती काढली. ओरड झाल्यावर दोन दिवसांत ‘आंतरजातीय’ हा शब्द गाळला, आंतरधर्मीय ठेवला. बघा, इथेही सर्वेक्षण कुणाचे? ज्यांनी भिंत ओलांडली त्यांचे. ज्यांनी बापाच्या धाकाने ओलांडली नाही, ज्यांना घरात कोंडले, ज्यांचे घाईघाईने दुसरीकडे लग्न लावून दिले, त्यांची यादी कुठल्याही समितीला नको आहे.

इथपर्यंत वाचून तुम्ही माना डोलावत असाल तर जरा थांबा. आता आपल्या घराकडे येऊ. आपल्या वधू-वर मेळाव्यांचे फॉर्म आम्ही हौसेने गोळा करतो. वर बुद्धाचे आणि बाबासाहेबांचे चित्र, खाली नाव, शिक्षण, नोकरी, आणि मग हळूच एक रकाना, ‘पोटजात’. विदर्भात बावणे की लाडवण हे अजून विचारले जाते. मातंग किंवा चर्मकार घरातली मुलगी म्हटली की ‘विचार करून सांगतो’ असे उत्तर येते आणि तो विचार कधी संपत नाही. हुंडा नको म्हणतात, ‘मुलीच्या संसाराला जे द्यायचं ते द्या’ म्हणतात. लग्न बौद्ध पद्धतीने वीस मिनिटांत लागते, मानपानाची बैठक मात्र तीन तास चालते. 1956 ला आपण धर्म बदलला, घराची कुंडी मात्र कित्येक ठिकाणी तीच ठेवली.

हे लिहिल्यावर काही ज्येष्ठ कार्यकर्ते रागावतात, हे माहीत आहे. आपले धुणे चव्हाट्यावर कशाला, आधीच ते लोक टपलेले आहेत, असे म्हणतात. त्यांचा अनुभव खोटा नाही. वर मॉयनिहानचे उदाहरण दिलेच आहे. पण मग बेबी कांबळे यांनी ‘जिणं अमुचं’ लिहिले ते काय होते? ते हस्तलिखित त्यांनी वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. त्यात वस्तीबाहेरच्या जातीचा जाच आहे आणि वस्तीतल्या सासुरवासाचाही आहे. दोन्ही एकाच हाताने लिहिले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून ‘आम्हीही इतिहास घडवला’साठी चळवळीतल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या. शर्मिला रेगे यांनी तर दलित स्त्रियांची आत्मकथने हेच समाजशास्त्राचे साहित्य म्हणून वाचायला लावले. कुटुंबाचा सगळ्यात धारदार अभ्यास आपल्या बायकांनीच करून ठेवला आहे. फरक एवढाच की त्यांनी प्रश्न स्वतः ठरवले होते. बाहेरच्या माणसाने विचारले की ते तपासणी वाटते, आणि घरच्या बाईने विचारले की अंगावर येते.

संशोधनच नको, असे आम्हाला म्हणायचे नाही. आकड्यांशिवाय आपल्याला कधी काही मिळाले नाही. बाबासाहेब साउथबरो समितीपुढे गेले, सायमन आयोगापुढे गेले, ते लोकसंख्येचे तक्ते हातात घेऊन. डब्ल्यू. ई. बी. दु बॉईस यांनी 1899 मध्ये फिलाडेल्फियाच्या कृष्णवर्णीयांवरचे पुस्तक काढले ते घरोघर फिरून माहिती जमवूनच. पण प्रश्न त्यांचे होते. 2011 च्या जनगणनेत बौद्धांची साक्षरता 81.29 टक्के आहे, देशाची 72.98. दर हजार पुरुषांमागे बौद्ध स्त्रिया 965, देशात 943. अक्षर न कळणाऱ्या आईबापांनी, पत्र्याच्या खोल्यांत, हे कसे साधले? कुठल्या आईने कुठली भाकरी कमी केली, कुठल्या विहारात रात्री दिवा लागायचा, मोठ्या बहिणीने कितवीत शाळा सोडली म्हणून धाकटा पदवीधर झाला? गेली दहा वर्षे आम्ही सर्वेक्षणे करतो आहोत. हा प्रश्न घेऊन आलेला एकही फॉर्म अजून आमच्या हातात पडलेला नाही.

30 एप्रिल 2025 रोजी केंद्र सरकारने येत्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय जाहीर केला. 1931 नंतर पहिल्यांदाच सगळ्या जाती मोजल्या जातील. चांगले आहे, आपण मागत होतोच. पण डोकी मोजून भागणार नाही. नवरा आणि बायको यांची जन्माची जात वेगवेगळी नोंदवली गेली पाहिजे. गावागावांत, वॉर्डावॉर्डांत किती भिंती शाबूत आहेत हे एका रकान्यात कळेल. हा रकाना मागण्यासाठी निवेदने द्या. एम.ए., एम.एस.डब्ल्यू. करणाऱ्यांनो, लघुप्रबंधासाठी पुन्हा ‘झोपडपट्टीतील व्यसनाधीनता’ घेऊ नका. मार्गदर्शक तोच विषय देतील, सोपा असतो, आपले लोक दार उघडतात. त्याऐवजी विवाह मंडळात जा, मॅट्रिमोनियल जाहिरातींतली ‘जातीची अट नाही, एससी-एसटी क्षमस्व’ ही ओळ मोजा. घर भाड्याने देताना दलाल आडनाव कितव्या वाक्यात विचारतो ते टिपा. घरकाम करणाऱ्या बायकांकडून त्या इमारतींमधली माहिती घ्या, कपबशी वेगळी ठेवणाऱ्या घरांबद्दल त्यांच्याएवढे कुणाला माहीत आहे?

आम्ही सुरुवात करून पाहिली. रविवारच्या अभ्यासगटातल्या पाचजणांनी मिळून दोन पानांचा फॉर्म केला. घरातली शेवटची तीन लग्ने कुठल्या जातीत झाली, मुलीला स्वतः निवडायची मुभा आहे का, कामवालीला पाणी कशात देता, घरात कुणी दारू पितो का. मावशींचे प्रश्न होते तसे घेतले. नाल्यापलीकडच्या त्याच इमारतीत गेलो. पहारेकऱ्याने अर्धा तास बसवले. मग सोसायटीचे सचिव खाली आले, फॉर्म चाळला, चष्मा काढला आणि म्हणाले, “अहो, हे सगळं आमचं खासगी आहे. असं कसं कुणाच्या घरातलं विचारता?”

वस्तीत आम्ही जवळजवळ दोनशे फॉर्म भरले होते. हे वाक्य आम्हाला तिथे एकदाही ऐकू आले नव्हते. आम्ही तारीख आणि वेळ लिहिली, उत्तराच्या रकान्यात ‘नकार’ लिहिले आणि कारणांच्या यादीत ‘इतर’ ठेवले नव्हते म्हणून सचिवांचे वाक्य पूर्ण उतरवून घेतले. मावशींना ते वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “तिसऱ्या मजल्यावरची बाई सांगल. तिची पोरगी कोंडून ठिवलीय. पन दुपारी जावा, साहेब नसतो तवा.” पुढच्या आठवड्यात दुपारी जाणार आहोत. यायचे असेल त्यांनी रविवारी विहारात भेटावे.